घाबरता न येणारी माणसं

माझ्या पडद्यावरची माणसं वरून पाहिली की लंबगोल दिसतात. खांद्यांच्या बाजूने रुंद, छाती-पाठीच्या बाजूने चपटी. अशा एका लंबगोलाला आम्ही एजंट म्हणतो. त्याला नाव नसतं, चेहरा नसतो. असते ती उभं राहायची जागा, चालायचा वेग आणि पोचायचं ठिकाण. स्टेशनचा पूल, मेट्रोचा फलाट, नाट्यगृहाचा जिना, देवळाची दर्शनबारी, असं काहीतरी संगणकात मापानिशी उभं करायचं, त्यात काही हजार एजंट सोडायचे आणि ते कुठे तुंबतात ते बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. पूल अरुंद आहे हे तो बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा कागदावर असतानाच कळलेलं बरं, एवढा साधा त्यामागचा हेतू. पण या बिनचेहऱ्याच्या माणसांच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर खऱ्या गर्दीबद्दल माझं एक ठाम म्हणणं तयार झालं आहे. ते एकदा नीट मांडायचं होतं.

या कामाची सुरुवात पाखरांपासून झाली. १९८७ मध्ये क्रेग रेनल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने पक्ष्यांच्या थव्याचं एक सॉफ्टवेअर मांडलं. त्यातल्या प्रत्येक पाखराला तीनच गोष्टी शिकवलेल्या होत्या: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी जिकडे चाललेत तिकडे वळ आणि थव्यापासून फार लांब पडू नकोस. थव्याला पुढारी नव्हता. थवा कसा दिसावा याचं चित्रही प्रोग्राममध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी पडद्यावर थवा उडाला, मध्ये आलेल्या खांबाला वळसा घालताना दुभंगला आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाला. पुढे सिनेमातली वटवाघळं आणि रणांगणावरची हजारोंची सैन्यं याच वाटेने पडद्यावर आली.

माणसांपर्यंत ही कल्पना नीट पोचली ती १९९५ मध्ये. डिर्क हेल्बिंग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने पेटर मोल्नार यांच्याबरोबर चालणाऱ्या माणसाचं गणित बलांच्या भाषेत मांडलं. पोचायच्या ठिकाणाची ओढ, अनोळखी माणसापासून दूर सरकवणारी ढकल, भिंतीची ढकल. या सगळ्यांची बेरीज म्हणजे त्याचं पुढचं पाऊल. मनाजोगतं चालायला मिळालं तर माणूस सेकंदाला सरासरी १.३४ मीटर जातो असं त्यांनी धरलं होतं. आजही एखादं सॉफ्टवेअर उघडलं की वेगाच्या रकान्यात त्याच्या आसपासचा आकडा आधीच भरलेला सापडतो. या आकड्याकडे मी नंतर येणार आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो २००८ मधला नियम. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या युर व्हान डेन बर्ग, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी तो मांडला. त्याआधीच्या पद्धतीत दोन एजंट समोरासमोर आले की दोघंही पूर्ण बाजूला व्हायचे. आता वाट मोकळी आहे असं दिसल्यावर दोघंही परत मध्ये यायचे. परत बाजूला, परत मध्ये. सोसायटीच्या जिन्यात शेजाऱ्याशी आपलं असं किती वेळा होतं! या तिघांनी सांगितलं की धडक टाळायची निम्मी जबाबदारी माझी, निम्मी त्याची. प्रत्येकाने आपला निम्मा वाटा उचलायचा आणि पलीकडचा त्याचा निम्मा उचलेल असा भरवसा ठेवायचा. एवढ्यावर ते हेलकावे थांबले आणि हजारो एजंट एकमेकांना न धडकता चौक ओलांडू लागले. गणितात भरवसा लिहिता येतो हे मला त्या सूत्राने पहिल्यांदा दाखवलं.

पुलावर दोन्ही टोकांकडून एजंट सोडले की थोड्याच वेळात त्यांच्या ओळी पडतात. जाणारे एका ओळीत, येणारे शेजारच्या ओळीत. ओळीत चला असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. समोरून येणाऱ्याला चुकवत बसण्यापेक्षा आपल्याच दिशेने चाललेल्याची पाठ धरणं सोपं पडतं, म्हणून जो तो पाठ धरतो आणि ओळी आपोआप तयार होतात. संध्याकाळी दादरच्या पुलावर कठड्याला टेकून दहा मिनिटं उभं राहिलं तर हेच दिसतं. लोकांना शिस्त नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिथे नेऊन उभं करावंसं मला वाटतं.

आता माझ्या म्हणण्याकडे येते.

२९ सप्टेंबर २०१७. सकाळी साडेदहाच्या सुमारास मुंबईत अचानक पावसाची जोरदार सर आली. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर लोक भिजायला नको म्हणून थांबले. मागून गाड्या येतच होत्या. दर गाडीगणिक आणखी माणसं पुलावर चढत होती. त्या जिन्यावर २३ जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या बातम्यांमध्ये एक हकिकत आली होती: कुणाची तरी फुलं पडली, ‘फूल गिर गया’ असं कुणी ओरडलं, ऐकणाऱ्यांनी ‘पूल गिर गया’ असं ऐकलं आणि पळापळ झाली. ही हकिकत लोकांच्या ध्यानात राहिली. आजही त्या दिवसाचा विषय निघाला की कुणीतरी हीच गोष्ट सांगतं.

फुलांचं तसं झालंही असेल. पण तेवढ्याने त्या जिन्याचा उलगडा होत नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आज जास्तच वाटतं. कारण मी तसा जिना पडद्यावर किती तरी वेळा भरलेला पाहिला आहे. हुबेहूब तोच नव्हे, पण त्याच जातीचा: वर पूल, मग एक वळण, खाली बाहेर पडायची अरुंद वाट. खालची वाट थोडा वेळ अडवायची आणि वरून दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी रिकामी करत राहायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दाटी रंगाने दाखवतात. निळा म्हणजे मोकळं, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पहिली गाडी येते तेव्हा जिना हिरवा असतो. दुसरीला वळणावरचा आतला कोपरा पिवळा होतो, कारण प्रत्येकाला वळण आतून घ्यायचं असतं. तिसरीला तिथून लाल ठिपका निघतो आणि वरच्या अंगाला पसरत जातो. ज्यांना वाट बंद आहे हे कळलेलं असतं ते खाली असतात, आणि वरचे तर आत्ताच गाडीतून उतरलेले असतात.

यातल्या एकाही एजंटला कान नाहीत. त्याला अफवा ऐकू येत नाही. त्याला घाबरताच येत नाही, कारण भीती नावाचा रकाना मी भरलेलाच नसतो. तरी जिना लाल होतो.

गर्दीत माणसं मेली की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: लोक घाबरले, धावत सुटले, एकमेकांना तुडवत गेले. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसं गेली, तेव्हाही हेच कानावर पडलं. देवळाकडे जाणारी उभ्या चढाची, दुकानांनी अरुंद झालेली वाट आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या मात्र बोलण्यात मागे पडल्या. ते ठरलेलं वाक्य एकदा छापून आलं की पायरीची रुंदी कुणी विचारत नाही. दोष मेलेल्यांच्या मनावर जातो, आणि ते बाजू मांडायला उरलेले नसतात. मला याची चीड येते. त्या माणसांवर हा दुसऱ्यांदा अन्याय आहे.

घरी फरशीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून त्यात घरातली माणसं उभी करून पाहावीत. दोघं असतात तेव्हा गप्पा मारता येतात. चौघं झाली की खांद्याला खांदा लागतो, पण वळता येतं. सहा झाली की हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. सातव्याला आत घेताना बाकीचे श्वास आखडून धरतात. याच्या पुढे गर्दीत माणूस चालत नाही, त्याला नेलं जातं. पाय जमिनीला लागले तरी दिशा त्याची नसते. मागून एकाने टाकलेलं अर्धं पाऊल अंगाअंगातून पुढे सरकत जातं आणि पुढे जिथे भिंत किंवा कठडा असतो तिथे त्या सगळ्या अर्ध्या पावलांची बेरीज होते. अशा ठिकाणी बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या छाती दाबली जाते, फासळ्यांना फुलायला जागा राहत नाही आणि श्वास कोंडतो.

१२ जानेवारी २००६ रोजी मक्केजवळ मिना इथे, हज यात्रेत, जमरात पुलाच्या तोंडाशी तीनशेहून जास्त हाजी असेच गेले. तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण हेल्बिंग, अँडर्स योहान्सन आणि हबीब अल-आबिदीन यांनी अभ्यासलं आणि २००७ मध्ये छापलं. त्यात दिसलं ते असं: आधी गर्दी सलग वाहत होती. दाटी वाढल्यावर ती थांबत-चालत जाऊ लागली आणि त्या थांबण्याची लाट उलट दिशेने, मागे मागे सरकत गेली. दाटी आणखी वाढली तेव्हा माणसं सगळ्या दिशांना फेकल्यासारखी हलू लागली आणि पडू लागली. यातली लाटांची पायरी अपघाताच्या आधी येते. ती वेळेवर ओळखली तर मागचा प्रवाह थांबवायला अवधी मिळतो. तिथे पुढे नवा, मजल्यांचा पूल उभा राहिला, जाण्या-येण्याच्या वाटा एकेरी झाल्या. पुलाचा प्रश्न सुटला. २०१५ मध्ये मात्र मिनातच, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या संगमावर, त्याहून कितीतरी मोठी दुर्घटना झाली. एक जागा रुंद केली की गर्दी पुढच्या अरुंद जागेपाशी जाऊन उभी राहते. म्हणून आम्ही नुसता पूल करत नाही, त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या गल्ल्याही संगणकात उभ्या करतो.

हेल्बिंग यांनीच २००० साली इल्येश फारकाश आणि तामाश विचेक यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये एक निबंध लिहिला होता. विषय होता घाबरून बाहेर पडणारी गर्दी. त्यांच्या मॉडेलमध्ये भीती म्हणजे घाई: एजंटचा हवासा वेग वाढवायचा. वेग वाढवत नेला की एका मर्यादेपुढे दारातून माणसं उलट हळू बाहेर पडतात, कारण दाराशी अंगांची कमान तयार होते आणि ती अडकून राहते. हे मी पडद्यावर पाहिलं आहे आणि सुट्टीच्या घंटेनंतर शाळेच्या फाटकातही पाहिलं आहे. त्याच निबंधात आणखी एक सूचना होती. दाराच्या समोर, जरा एका अंगाला, खांब उभा करावा. मागचा दाब खांब झेलतो आणि दार वाहतं राहतं. ऐकायला उलटं वाटतं, म्हणूनच ती सूचना जगभर गाजली.

मग स्पेनमधल्या संशोधकांनी मेंढ्या घेतल्या. गोठ्याच्या अरुंद दारातून मेंढ्यांचा कळप आत सोडायचा, एकदा खांब ठेवून, एकदा न ठेवता. खांब असताना मेंढ्या खरोखरच कमी अडकल्या. अरुंद तोंडातून ओतलेल्या दाण्यांच्या बाबतीत तसंच दिसलं, उंदरांच्या बाबतीतही. त्यानंतर माणसं घेतली. २०१८ मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात खांबामुळे माणसांच्या बाहेर पडण्यात तसा फरक पडला नाही. मेंढ्यांवरून माणसांबद्दल बोलताना जपून, असंच संशोधकांनी लिहिलं. ते वाचलं त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. आपल्या कामाचा अर्धा पाया माणूस दाण्यासारखा किंवा मेंढरासारखा वागतो या समजुतीवर आहे, आणि माणूस तसा वागायला तयार नाही.

इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन ड्र्यूरी यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली आहे. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यातून वाचलेल्यांच्या हकिकती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. अंधारात, धुरात, मदत कधी येईल हे माहीत नसताना अनोळखी माणसं एकमेकांना धीर देत होती, पाणी देत होती, जखमा बांधत होती. आपण सगळे एकाच संकटात आहोत ही जाणीव झाल्याबरोबर ती आपसूक एकमेकांची झाली होती. मला याचं आश्चर्य वाटत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरातल्या मुंबईकरांना तर मुळीच वाटणार नाही. त्या दिवशी लोक अनोळखी माणसांचे हात धरून छातीभर पाण्यातून घरी गेले होते आणि रस्त्याकडेच्या वस्त्यांनी त्यांना चहा-बिस्किटं पुरवली होती.

तेव्हा माझं म्हणणं असं. गर्दीतल्या मृत्यूंचं कारण भीतीत शोधायचं सोडून द्यावं. मागच्याला पुढचं कळत नाही, हे खरं कारण आहे, आणि ते कळवायची सोय करणं हे गर्दीचं काम नसून जागा आखणाऱ्यांचं आणि तिथल्या व्यवस्थेचं काम आहे.

मी डोंबिवलीत वाढले. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात गेली. त्या डब्यात गर्दी कशी वागते हे ज्याने पाहिलं आहे त्याला आमचे एजंट मुके वाटल्याशिवाय राहणार नाहीत. ठाणं सुटलं की मागून हात खांद्याला लागतो. “घाटकोपर?” “नाही, दादर.” “मग मला पुढे घ्या ना.” दोघी अंग तिरकं करतात, एकीची पर्स दुसरीच्या डोक्यावरून जाते, जागा बदलतात. तीच बाई पुढचीला विचारते. तिच्याही मागून कुणीतरी हेच विचारत आलेली असते. गाडी विक्रोळीवरून धडधडत जाईपर्यंत डब्यातली माणसं उतरायच्या स्टेशनाप्रमाणे लागलेली असतात: दाराशी घाटकोपर, तिच्यामागे कुर्ला, मग दादर, भायखळ्याच्या आणि सीएसएमटीच्या अगदी आत. बसलेलीला उभी असलेली विचारते, “कुठे उतरणार?” आणि तिची सीट तिथल्या तिथे नोंदवली जाते. मग तिसरी कुणी आली तरी बसलेली स्वतःच सांगते, “यांनी आधी विचारलंय.” सकाळी घाईत निघालेल्या, एकमेकींची नावंही माहीत नसलेल्या बायका हे रोज करतात. एका चौरस मीटरमध्ये अंगाला अंग लागलेलं असताना हे चालतं, आणि ते चालतं म्हणूनच एवढ्याशा थांब्यात डबा रिकामा होतो.

माझ्या पडद्यावरचा एजंट समोरच्याला चुकवतो, पण त्याला काही विचारत नाही.

शिवाय तो एकटा असतो. प्रत्यक्षात रस्त्यावर एकटी माणसं कमीच. मेहदी मुसाइद आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की वर्दळीतली सत्तर टक्क्यांपर्यंत माणसं दुकटी-तिकटी, घोळक्यात चाललेली असू शकतात. तिघं चालत असली आणि मोकळं असलं की ती एका रेषेत चालतात. जरा दाटी झाली की मधला किंचित मागे पडतो आणि कडेचे दोघं त्याच्याकडे झुकतात, म्हणजे बोलणं तुटत नाही. या आकाराने वर्दळ कापत जाणं अवघड होतं, वेग कमी होतो, तरी माणसं तो सोडत नाहीत. लवकर पोचण्यापेक्षा बोलत पोचणं त्यांना हवं असतं. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधी हे चित्र पावलोपावली दिसतं. पूल किती रुंद हवा याचं गणित मांडताना मात्र आपण त्या तिघांना तोडून तीन सुटे, सारख्या वेगाचे ठिपके करतो.

गर्दीला बोलायची सोय कशी असावी याचा सगळ्यात चांगला नमुना मी वारीत पाहिला. माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं चालतात. त्यांच्यात दिंड्या आहेत, दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या कोणत्या आणि मागच्या कोणत्या हे ठरलेलं आहे. दिंडीत वीणेकऱ्याची जागा, टाळकऱ्यांची जागा, तुळशीवाल्या बायकांची जागा ठरलेली आहे. पण मला गुंतवून ठेवलं ते संध्याकाळच्या समाज आरतीने. मुक्कामाच्या तळावर पालखीभोवती दिंड्या गोल करून उभ्या राहतात. शेकडो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करतात आणि मोठ्याने “होऽऽ” म्हणतात. सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी मात्र थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. तळावर एवढी शांतता आणि त्यात कुठेतरी एका कोपऱ्यात टाळ. चोपदार तिथे चालत जातात. पाण्याचा टँकर आला नाही, जागा दुसऱ्याने घेतली, वाटेत क्रम मोडला, जे काही असेल ते ऐकून घेतात. तोडगा निघाला की ते टाळही थांबतात. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते.

कानाकोपऱ्यातल्या माणसाचं गाऱ्हाणं मध्यापर्यंत पोचायची वाट, आणि मध्यावरचा निरोप कडेपर्यंत जायची वाट, या दोन्ही वाटा त्यात आहेत. जगभरच्या गर्दीच्या दुर्घटनांमध्ये नेमक्या याच दोन वाटा नव्हत्या. २०१० मध्ये जर्मनीत ड्युइसबुर्गला लव्ह परेड या संगीत महोत्सवात २१ तरुण माणसं गेली. ज्या उतारावर आत येणारे आणि बाहेर जाणारे अडकले होते तिथल्यांना बाहेर काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि बाहेरच्यांना आत काय होतंय ते. कॅमेरे होते, पोलीस होते, कुंपणं होती.

वारीहून आल्यावर मी एजंटला एक तोंड दिलं. नियम साधा ठेवला. जो एजंट काही सेकंद जागेवरून हलू शकत नाही त्याने आपल्या मागच्याला ‘थांब’ हा निरोप द्यायचा, आणि ज्याला निरोप मिळेल त्याने तो पुढे न जाता मागे द्यायचा. तोच जिना, तीच अडवलेली वाट, त्याच गाड्या. वळणावरचा लाल ठिपका तयार होतो, पण पसरत नाही. निरोप जिन्यावरून पुलावर, पुलावरून फलाटावर पोचतो आणि एजंट फलाटभर विरळ होऊन उभे राहतात. गर्दी नाहीशी होत नाही, ती हिरव्या रंगात वाट बघते. निरोप मध्येच तुटला, म्हणजे काही एजंटना मी मुकं ठेवलं, तर त्या जागी पुन्हा दाटी होते. पुलावर निरोप तुटू शकेल अशी जागा कुठली, हे यातून आधीच कळतं. तिथे स्पीकर हवा, किंवा उंचावर उभा राहिलेला, खाली काय चाललंय ते दिसणारा आणि वरच्यांना थांबवायचा अधिकार असलेला माणूस हवा. मला वाटतं, आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या स्टेशनसाठी, प्रत्येक यात्रेसाठी असा माणूस नेमायलाच हवा, आणि त्याची जागा कुठे ते नकाशात आधी ठरायला हवं.

आकड्यांचं म्हणाले होते. उज्ज्वल चट्टराज, आर्मिन सायफ्रीड आणि कानपूरच्या आयआयटीतले पार्थ चक्रबर्ती यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग छापला. माणसांना एकामागे एक, बंद फेरीत चालवायचं, जर्मनीत आणि भारतात. दाटी वाढली की दोन्हीकडे वेग कमी झाला, पण आपल्याकडे कमी प्रमाणात. आपली माणसं पुढच्याच्या जास्त जवळ चालली आणि त्यांची चाल जरा अस्ताव्यस्त असूनही जास्त परिणामकारक ठरली. त्याचं संशोधकांनाही आश्चर्य वाटलं होतं. म्हणजे रकान्यात आधीच भरलेला आकडा आपला नाही. आपल्याकडे लोकलमध्ये सॅक छातीवर घेतात, मूल कडेवर असतं, डोक्यावर बोचकं असतं, साडीचा घोळ हातात धरून जिना चढायचा असतो. लंबगोलाची मापंसुद्धा आपली आपल्यालाच घ्यावी लागणार आहेत. दाटीत आपण चांगले निभावतो याचा अर्थ आपल्याला अरुंद जिने चालतात असाही लावला जातो, आणि तो धोका मला फार मोठा वाटतो. सहाव्या माणसापर्यंत आपण सराईत आहोत. छातीला हवा मात्र सगळ्यांना सारखीच लागते.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक गेले होते. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी पावलं मोजणारी चटई वापरून दाखवली. ‘आशिओतो’ तिचं नाव. रस्त्यावर आडवी अंथरायची, वरून गेलेल्या पावलांवरून किती माणसं पुढे गेली ते कळतं, आणि पुढे जागा किती उरली ते मागच्यांना सांगता येतं. मागच्याला पुढचं कळवायची ही आपल्याच मातीतली, कमी खर्चाची सोय.

सध्या कामाच्या वेळेनंतर, घरच्या संगणकावर, मी रामकुंडाच्या आसपासच्या गल्ल्या उभ्या करते आहे. हे काम मला कुणी दिलेलं नाही. त्यात सुटे एजंट ठेवलेले नाहीत, कुटुंबं ठेवली आहेत. एक आजी, तिचा हात धरलेला नातू, मागे सून, पुढे वाट काढणारा मुलगा. त्यांना एकमेकांपासून तुटायची परवानगी नाही. आजीचा वेग तोच सगळ्यांचा वेग. आजी उतारावर दम खायला थांबते तेव्हा चौघंही थांबतात आणि मागच्यांना वळसा घालायला जागा लागते. जागा असेल तर रंग हिरवाच राहतो. नसेल तर आजीच्या पाठीमागे पिवळा होत जातो. तिला टेकायला कडेला थोडी मोकळी जागा ठेवायची, ती किती अंतरा-अंतरावर, हे मी शोधते आहे. कागदावरच्या नकाशात गल्लीची रुंदी आहे, पण दुकानांचे पुढे आलेले ओटे, पायऱ्या, गटाराची झाकणं आणि बाहेर मांडलेले प्रसादाचे पाट नाहीत. ती मापं टेप घेऊन तिथे जाऊनच घ्यावी लागतील. पाऊस उघडला की जाणार आहे. नाशकातल्या कुणाला दोन दिवस टेपचं दुसरं टोक धरायला यायचं असेल, तर कळवा.